बहुसंख्यांना हवं असतं, तरी विधेयक का पडतं? अमेरिकेतल्या स्थलांतर कायद्यांना होणारा विरोध, मुळापासून

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, 'डिग्निटी ॲक्ट' हे विधेयक नव्याने मांडलं गेलं. मांडणाऱ्या दोघी: फ्लोरिडाच्या रिपब्लिकन मारिया एल्विरा सालाझार आणि टेक्ससच्या डेमोक्रॅट व्हेरोनिका एस्कोबार. २०२० संपण्याआधीपासून अमेरिकेत विनापरवाना राहणाऱ्यांनी सात वर्षांत सात हजार डॉलर भरायचे आणि उघडपणे काम करायचं, हा त्यातला मोठा भाग. वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या लोकांना जास्तीत जास्त किती मिळतील, ही मर्यादा ७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्याचं कलमही त्यात आहे. असं कलम दिसलं की 'आता आपला नंबर लागणार' हे निरोप पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत फिरायला लागतात.

त्याच महिन्यात गॅलप या मतचाचणी संस्थेची पाहणी आली. विनापरवाना राहणाऱ्यांना अटी घालून नागरिकत्वाचा मार्ग द्यावा, असं ७८ टक्के अमेरिकनांनी म्हटलं. आता मागचा इतिहास बघा. कायदेशीर स्थलांतर मोठ्या प्रमाणात वाढवणारा शेवटचा कायदा १९९० चा आणि सरसकट नियमितीकरणाचा शेवटचा कायदा १९८६ चा. त्यानंतर २००६, २००७, २०१०, २०१३, २०१८, २०२१, २०२४ असे प्रयत्न झाले आणि सगळे कुठे ना कुठे अडकले. हे समजून घ्यायचं तर विरोधकांचं म्हणणं नीट ऐकावं लागतं, कारण ते एका तोंडाने बोलत नाहीत.

आधी थोडे शब्द

ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा परवाना. ते मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. एच-१बी हा तात्पुरता कामाचा व्हिसा, आयटीतले बहुतेक भारतीय त्यावर जातात. 'विनापरवाना' म्हटलं की डोळ्यांसमोर सीमा ओलांडणारा माणूस येतो, पण रीतसर व्हिसावर विमानाने येऊन मुदत संपल्यावर परत न गेलेलेही त्यात भरपूर आहेत. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेच्या अंदाजाने २०२३ मध्ये अशा लोकांची संख्या १ कोटी ४० लाख होती. त्यातल्या ६० लाखांहून अधिक जणांना हद्दपारीपासून काही ना काही तात्पुरतं संरक्षण होतं. याच अंदाजात भारतीय ६ लाख ८० हजार धरले आहेत, म्हणजे हा प्रश्न फक्त मेक्सिकोचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्रातले होते.

१९८६: सगळ्या भांडणाचं मूळ

६ नोव्हेंबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. तो उघड सौदा होता. १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना परवाना मिळेल, आणि त्या बदल्यात यापुढे विनापरवाना माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड होईल. काम मिळेनासं झालं की लोक येणं थांबेल, असा त्यामागचा हिशेब.

पहिला भाग पार पडला. सुमारे २७ लाख लोकांना परवाने मिळाले. दुसरा भाग फसला, आणि कसा फसला ते तपशिलात बघण्यासारखं आहे. कामावर घेताना मालकाने 'आय-९' नावाचा फॉर्म भरायचा आणि माणसाची कागदपत्रं बघायची. कागद खरा आहे का याची खातरजमा करणं मात्र त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. वरवर खरा वाटला की पुरे. उलट जास्त खोदून विचारलं तर वंशभेद केल्याची तक्रार व्हायची भीती. मालकाला कामगार हवाच होता, त्यामुळे त्याने कागद बघितला, फॉर्म फाइलला लावला आणि विषय संपला. बनावट सोशल सिक्युरिटी कार्डांचा (नोकरीसाठी लागणाऱ्या सरकारी क्रमांकाच्या कार्डांचा) धंदा तेजीत आला. सरकारी नोंदींशी ताडून बघणारी 'ई-व्हेरिफाय'ची व्यवस्था प्रायोगिक म्हणून सुरू झाली ती १९९७ मध्ये, आणि देशभर सक्तीची ती आजही नाही.

शेतमजुरांसाठी वेगळी सवलत होती: मे १९८६ पर्यंतच्या वर्षात ९० दिवस शेतात काम केल्याचा पुरावा. पुरावा म्हणून मुकादमाचं प्रतिज्ञापत्र चालायचं. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे १३ लाख अर्ज आले. त्यातले बरेच बनावट असल्याचा संशय तेव्हाच व्यक्त झाला, पण प्रत्येक प्रतिज्ञापत्र खोटं ठरवायला सरकारकडे माणसंच नव्हती. बहुतेक अर्ज मंजूर झाले. आणि २००७ पर्यंत विनापरवाना लोकसंख्या १ कोटी २० लाखांवर गेली.

मुंबईकराला यातली मेख सांगायची गरज नाही. झोपडपट्टीच्या संरक्षणाची तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग २००० झाली, मग पैसे भरून २०११ पर्यंतच्यांना घर देण्याची सोय आली. तारीख एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल, असं सगळेच धरून चालतात. अमेरिकेतल्या विरोधकांचा सगळ्यात जुना मुद्दा नेमका हाच. 'ॲम्नेस्टी', म्हणजे सरसकट माफी, हा शब्द तिथे तेव्हापासून शिवीसारखा वापरला जातो. समर्थक म्हणतात की लोक तारखेसाठी येत नाहीत, कामासाठी येतात, आणि कायदेशीर वाटच इतकी अरुंद ठेवली की आडवाट पडणारच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १९८६ च्या कायद्याने पुढच्या काळात कमी शिक्षणाचे कामगार कायदेशीरपणे कसे येतील याची जवळजवळ काहीच सोय केली नाही, हे विरोधक सहसा सांगत नाहीत.

आधी बंदोबस्त की आधी परवाना?

२०१३ चं विधेयक अगदी या संशयावर उतारा म्हणून लिहिलं होतं. सिनेट या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या चार डेमोक्रॅट आणि चार रिपब्लिकन सदस्यांनी महिनोन्‌महिने बसून ते घडवलं. ३१ डिसेंबर २०११ पर्यंत आलेल्यांनी दंड आणि थकलेला कर भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यायची, मग दहा वर्षं तात्पुरता दर्जा, त्यानंतर ग्रीन कार्ड, आणखी तीन वर्षांनी नागरिकत्व. एकूण तेरा वर्षं. शिवाय सीमेवर २० हजार जादा जवान आणि ७०० मैल कुंपण. हे झाल्याशिवाय ग्रीन कार्डं द्यायची नाहीत, या अटीला 'ट्रिगर' म्हणतात.

मग अडलं कुठे? विरोधकांनी वेळापत्रक काढून दाखवलं. तात्पुरता दर्जा द्यायला सीमेचा बंदोबस्त पूर्ण व्हायची गरज नव्हती. त्याचा आराखडा सादर झाला की पुरेसं होतं. परवाना काही महिन्यांत हातात आणि कुंपण काही वर्षांनी. तोवर संसद बदलेल आणि नवी संसद पैसे देईल याची हमी कोण देणार? त्यांच्याकडे दाखला तयार होता. २००६ च्या कायद्याने सुमारे ७०० मैल दुहेरी कुंपणाची सक्ती केली होती. पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून कुठे आणि कसलं कुंपण बांधायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडलं गेलं. बारकाईने बघितलं तर हा वाद स्थलांतर बरं की वाईट असा राहतच नाही. समोरचा सौद्यातला आपला भाग पाळेल का, एवढाच प्रश्न उरतो. आणि एकदा दिलेला परवाना काढून घेता येत नाही, पण बंदोबस्ताचा पैसा मात्र कधीही अडवता येतो. ही विषमता कुठल्याच मसुद्याला मिटवता आलेली नाही.

पण हे लोक रांगेत का उभे राहत नाहीत?

कारण त्यांच्यासाठी जवळजवळ रांगच नाही. नोकरीवर आधारित १ लाख ४० हजार वार्षिक ग्रीन कार्डांत अकुशल कामगारांच्या वाट्याला कायद्याने जास्तीत जास्त १०,००० येतात. सख्खा नातेवाईक अमेरिकन नसेल तर बांधकामावरच्या किंवा मांस कारखान्यातल्या माणसाला अर्ज करायला जवळजवळ खिडकीच नाही. वर १९९६ चा कायदा आहे: १८० दिवसांहून जास्त विनापरवाना राहून देश सोडला तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा जास्त राहून सोडला तर दहा वर्षं परत यायला बंदी. परत जाऊन रीतसर येतो म्हणणाऱ्याचीच त्यात कोंडी होते.

तरी रांगेचा मुद्दा प्रभावी ठरतो, कारण खरोखर रांगेत असलेले लोक दिसतात. आणि त्यात सगळ्यात मोठा घोळका भारतीयांचा आहे. 'नियम मोडणाऱ्याला तेरा वर्षांत नागरिकत्व, आणि नियम पाळणाऱ्या इंजिनिअरला तेवढ्या वर्षांत ग्रीन कार्डही नाही' हे वाक्य अमेरिकेतल्या एडिसन किंवा फ्रीमाँटसारख्या भारतीय वस्तीच्या शहरांत कुठल्याही मराठी घरात ऐकू येऊ शकतं.

खर्च किती? एकच विधेयक, दोन हिशेब

इथे वाचकाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. २०१३ च्या त्याच विधेयकाबद्दल संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने म्हटलं की पहिल्या दहा वर्षांत सरकारी तूट सुमारे १७,५०० कोटी डॉलरने कमी होईल आणि पुढच्या दहांत सुमारे ७०,००० कोटींनी. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने त्याच वर्षी सांगितलं की नियमितीकरणाचा भार ६.३ लाख कोटी डॉलर पडेल.

दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. अर्थसंकल्प कार्यालयाने फक्त केंद्र सरकारची तिजोरी धरली, ती वीस वर्षांपुरती, आणि विधेयकाचे सगळे भाग धरले. म्हणजे नव्याने येणारे तरुण, कर भरणारे कामगारही त्यात आले. तात्पुरत्या दर्जाच्या दहा वर्षांत बहुतेक सरकारी मदत बंद होती, त्यामुळे पहिल्या दशकात कर आत आला आणि खर्च पुढे ढकलला गेला. हेरिटेजने नियमित होणाऱ्यांचं उरलेलं संपूर्ण आयुष्य धरलं: ९.४ लाख कोटींचे लाभ, वजा ३.१ लाख कोटींचा कर. त्यात शाळा, रस्ते, पोलीस यांवरचा राज्यांचा आणि गावांचा खर्चही होता. या कुटुंबप्रमुखांचं सरासरी शिक्षण दहावीपर्यंतचं, म्हणून म्हातारपणी पेन्शन आणि औषधोपचारात ते भरतील त्याहून जास्त घेतील, असा त्यांचा युक्तिवाद.

हेरिटेजच्या आकड्यावर उजव्या गोटातूनच टीका झाली की वाढणारी उलाढाल त्यात धरलेलीच नाही. शिवाय यातला एक मोठा खर्च विधेयक न येताही होतोच आहे: १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे विनापरवाना मुलांनाही सरकारी शाळेत घ्यावंच लागतं. पण हेरिटेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. आयकर जातो वॉशिंग्टनला आणि शाळेचा खर्च येतो राज्यावर. नॅशनल अकॅडमीज या विज्ञान संस्थेच्या २०१६ च्या अहवालातही पहिल्या पिढीचा भार राज्यांवरच पडतो असं दिसतं. त्यांची अमेरिकेत वाढलेली मुलं मात्र पुढे तिजोरीत भरच घालतात. तेव्हा 'फायदा' किंवा 'तोटा' असा आकडा दिसला की किती वर्षांचा, कुणाच्या तिजोरीचा आणि मुलं कुठल्या बाजूला धरलीत, हे विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.

विरोध फक्त उजवीकडून होतो का?

नाही. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी मेक्सिकोतून कंत्राटी मजूर आणणाऱ्या ब्रासेरो योजनेला कडाडून विरोध केला; ती १९६४ मध्ये बंद झाली. संप फोडायला मालक विनापरवाना मजूर आणतात, हाही त्यांचा राग होता. कामगार संघटनांचा महासंघ १९८६ मध्ये मालकांना दंड करण्याच्या बाजूने होता; २००० मध्ये त्याने भूमिका बदलली. टेक्ससच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९९५ मध्ये कायदेशीर स्थलांतरही वर्षाला साडेपाच लाखांवर आणावं, अशी शिफारस केली होती. २००७ चं विधेयक पाडणाऱ्यांत डावे सिनेटर बर्नी सँडर्सही होते, कारण त्यातली 'पाहुण्या कामगारांची' योजना मजुरी पाडेल असं त्यांचं म्हणणं होतं.

मजुरी खरंच पडते का, यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. १९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख लोक काही महिन्यांत फ्लोरिडात उतरले, आणि त्यातले बरेच मायामीत राहिले. डेव्हिड कार्ड यांना तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम दिसला नाही. त्याच घटनेवर जॉर्ज बोर्हास यांना शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी बरीच पडलेली दिसली. नॅशनल अकॅडमीजने दोन्हीकडचं बघून म्हटलं की एकूण परिणाम दीर्घकाळात किरकोळ असतो, आणि जो झळ सोसतो तो बहुधा आधी आलेला स्थलांतरित किंवा शाळा सोडलेला स्थानिक.

मग हा वंशद्वेष नाहीच का?

काही भाग नक्कीच आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांना 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९२४ च्या कायद्याने आशियाची दारं जवळजवळ बंद केली, ती नीट उघडली १९६५ मध्ये. आजच्या मोठ्या विरोधी संघटनांपैकी 'फेअर' १९७९ मध्ये काढणारे जॉन टँटन लोकसंख्या नियंत्रण आणि पर्यावरणाच्या चळवळीतून आले होते, आणि पुढे त्यांच्या पत्रव्यवहारातून वांशिक काळज्या उघड झाल्या. पण सगळा विरोध त्याच खात्यावर टाकला तर जॉर्डन आणि चावेझ यांचं काय करायचं? आणि गॅलपमध्ये स्थलांतर कमी करा म्हणणारे २०२४ ला ५५ टक्के होते ते २०२५ ला ३० टक्क्यांवर आले. वंशद्वेष एका वर्षात असा ओसरत नाही. सीमेवर गोंधळ दिसला की हा आकडा चढतो, शांतता झाली की उतरतो.

पंचावन्न मतं मिळूनही हार

अमेरिकेच्या सिनेटमध्ये १०० सदस्य. साध्या बहुमताला ५१ पुरतात, पण चर्चा संपवून मतदानाला यायलाच ६० लागतात. लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांसाठीचा 'ड्रीम ॲक्ट' डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध १९८ ने मंजूर झाला आणि सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ ने पडला. २०१३ च्या विधेयकाने ही भिंत ६८ विरुद्ध ३२ ने ओलांडली, तर पुढे दुसरी होती. प्रतिनिधिगृहाचे सभापती सहसा आपल्याच पक्षातल्या बहुसंख्यांना नको असलेलं विधेयक मतदानाला घेत नाहीत. हा कायदा नाही, नुसता रिवाज. सभापती जॉन बेनर यांनी ते विधेयक पटलावर आणलंच नाही. जून २०१४ मध्ये त्यांच्या पक्षाचे गटनेते एरिक कँटर व्हर्जिनियात पक्षांतर्गत निवडणूक हरले. जिंकलेल्या डेव्हिड ब्रॅट यांनी 'ॲम्नेस्टी'चाच मुद्दा तापवला होता. त्यानंतर कोणी धाडस केलं नाही.

७८ टक्क्यांचं गणित इथे उलगडतं. पाठिंबा देणाऱ्यांपैकी बहुतेक जण या एका विषयावर मत ठरवत नाहीत. विरोध करणारे ठरवतात. जून २००७ मध्ये मतदानाच्या दिवशी इतके फोन आले की सिनेटची टेलिफोन यंत्रणा कोलमडली. ४६ विरुद्ध ५३ ने विधेयक पडलं. आणि जिथे मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले असतात तिथे खासदाराला भीती विरोधी पक्षाची नसते, स्वतःच्या पक्षांतर्गत निवडणुकीची असते.

भारतीयांचं विधेयक कोणी अडवलं?

वर्षाला १ लाख ४० हजार नोकरीची ग्रीन कार्डं, त्यात एका देशाला सर्वसाधारण ७ टक्के, म्हणजे ९,८००. यात अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. जुलै २०१९ मध्ये ही मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं दणक्यात मंजूर झालं.

सिनेटमध्ये ते मतदानाविना, सर्वसंमतीने नेण्याचा घाट होता, आणि तिथे एका सिनेटरची हरकतही पुरते. रँड पॉल यांना नर्सेससाठी वेगळी कार्डं राखून हवी होती. डिक डर्बिन तर स्थलांतरितांचे खंदे पाठीराखे, पण त्यांचा सवाल बिनतोड होता: एकूण कार्डं तेवढीच ठेवून मर्यादा काढली तर रांग छोटी होत नाही, फक्त तिच्यातली माणसं बदलतात. इराण, फिलिपिन्स किंवा नायजेरियाचा जो माणूस दीड-दोन वर्षांत सुटतो, तो भारतीयांच्या मागे कित्येक वर्षं अडकेल. म्हणून त्या देशांच्या स्थलांतरितांनीच विरोध केला. डिसेंबर २०२० मध्ये बदललेला मसुदा सिनेटने मंजूर केला, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळायच्या आत संसदेची मुदत संपली आणि सगळं शून्यावर आलं.

उलटही घडलं आहे. २०१३ च्या विधेयकाने एच-१बीचा कोटा ६५ हजारांवरून १ लाख १० हजार आणि पुढे १ लाख ८० हजारांपर्यंत नेला असता, पण ज्या कंपन्यांत निम्म्याहून जास्त लोक अशा व्हिसावर आहेत त्यांना नवे व्हिसा बंद केले असते. भारतीय आयटी उद्योगाच्या 'नॅसकॉम'ने त्या कलमांना विरोध केला. स्थलांतर वाढवणाऱ्या विधेयकाला भारतातूनच विरोध, असं ते चित्र होतं.

कायदा अडला की हुकूम चालतो

विधेयकं पडतात, पण प्रश्न तसाच राहतो, आणि मग राष्ट्राध्यक्ष आदेश काढतात. ड्रीम ॲक्ट पडल्यावर ओबामांनी २०१२ मध्ये त्या मुलांना आदेशाने तात्पुरतं संरक्षण दिलं; ते आजवर कोर्टात लोंबकळतं आहे. २०१४ चा त्यांचा मोठा आदेश कोर्टाने रोखला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावली, तीही आदेशानेच. आदेश एका सहीने येतो आणि दुसऱ्या सहीने जातो.

यातली सगळ्यात बारीक जखम २०२४ च्या विधेयकात दिसते. बातम्यांत ते 'सीमेचं विधेयक' म्हणून गाजलं. त्याच्या पोटात पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीन कार्डं होती, आणि एच-१बीवाल्यांची जी मुलं २१ वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात, त्यांना संरक्षण देणारं कलमही होतं. ट्रम्प यांनी विरोध केला, सभापती माइक जॉन्सन यांनी ते आमच्याकडे आलं तर टिकणार नाही असं आधीच सांगितलं, आणि काही डेमोक्रॅट आश्रयाचे नियम फार कडक झाले म्हणून फिरले. ७ फेब्रुवारी २०२४ ला सिनेटमध्ये ते ४९ विरुद्ध ५० ने पडलं.

पुढचं विधेयक आलं की मथळ्यातला 'मंजूर' हा शब्द कुठल्या सभागृहाचा आहे ते आधी बघा. मग मसुद्यात तीन गोष्टी शोधा: कोणत्या तारखेपर्यंत आलेल्यांना लागू, बंदोबस्त आधी की परवाना आधी, आणि कार्डांची एकूण संख्या वाढते की फक्त देशांची टक्केवारी बदलते. त्यानंतर सिनेटमधले साठ मोजायचे. डिग्निटी ॲक्टचंही गणित तिथूनच सुरू होतं.